वाचणाऱ्याची पाळी

संगणकावर एखाद्या जुन्या मैफलीचे चित्रमुद्रण लावून निवांत बसावे, विलंबित ख्याल आपल्या ऐसपैस चालीने पुढे सरकत असावा, मुखडा घेता घेता गायकाचा हात समेच्या रोखाने वर उचलला जावा, आणि नेमक्या त्या क्षणी तो हात तसाच हवेत थिजून राहून दोन-तीन सेकंदांनी सगळी मंडळी धडपडत पुढच्या मात्रांवर जाऊन पोहोचावीत, हा प्रकार ज्याने अनुभवला असेल त्यास रसभंगाची व्याख्या निराळी सांगावी लागत नाही. पुस्तकाचे पान उलटावयास उशीर झाला तर मजकुराची काही हानी होत नाही. परंतु संगीतात उशिरा आलेली सम ही सम उरत नाही. चलच्चित्राचेही तसेच आहे. त्याचा सारा प्राण योग्य वेळी येण्यात आहे, आणि संगणकाच्या रचनेत योग्य वेळी येण्याला जितके महत्त्व असावे असे आपण गृहीत धरतो तितके ते नसते, हे मला या अडखळण्याच्या निमित्ताने हळूहळू उमगत गेले.

माझ्या घरच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली बरीच वर्षे नांदते आहे, आणि तेथे हा रसभंग ठरावीक प्रसंगी हमखास घडत असे. छायाचित्रांचा संग्रह बाहेरच्या डिस्कवर उतरवला जात असला, एखादे मोठे संकलन उलगडले जात असले, किंवा रात्री यंत्र बंद राहिल्यामुळे तहकूब झालेले नित्यकर्म, म्हणजे सर्व फाइलींची सूची नव्याने तयार करण्याचे काम, यंत्र चालू होताच प्रणालीने आपण होऊन हाती घेतले असले, की चित्र अडखळे. याचे कारण विचारले असता संगणकाचे दुकान चालवणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी क्षणाचाही विचार न करता, ‘‘मेमरी वाढवा, साहेब, मेमरी कमी पडते आहे,’’ असा निर्वाळा दिला. त्या सल्ल्याचा समाचार पुढे घेईन. तूर्त हिशेब मांडू.

डीव्हीडीच्या प्रतीचे चित्रमुद्रण चालावयास सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे १० मेगाबिट, म्हणजे सव्वा मेगाबाइट इतकी सामग्री लागते. साधी फिरती डिस्क सलग वाचावयास मिळाली तर सेकंदाला १०० मेगाबाइट सहज देते. म्हणजे ही मैफल डिस्कच्या सामर्थ्याच्या जेमतेम ऐंशीव्या हिश्श्यावर चालावयास हवी, आणि उरलेल्या एकोणऐंशी हिश्श्यांत दुसऱ्या कोणी काय वाटेल ते करावे. तेव्हा दारिद्र्य हे या रोगाचे निदान नव्हे. यंत्र संपन्न आहे, किंबहुना गरजेपेक्षा कितीतरी अधिक संपन्न आहे, आणि तरीही मागणाऱ्याच्या हाती वेळेवर काही पडत नाही.

डिस्कची गती सलग वाचनात जितकी उदार तितकीच ती विखुरलेल्या वाचनात कृपण असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी तबकडी एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद घेते. हवा असलेला भाग तबकडी वाचणाऱ्या हेडखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद लागतात. आणि त्याआधी ते हेड एका वर्तुळावरून दुसऱ्या वर्तुळावर नेऊन स्थिर करण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद खर्ची पडतात. एक जाणे-येणे बारा-तेरा मिलिसेकंदांचे झाले. आपल्याकडील दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखवली जातात, म्हणजे प्रत्येक चित्राच्या वाट्यास ४० मिलिसेकंद येतात, आणि तेवढ्या अवकाशात त्या हेडच्या हातून फार तर तीन खेपा होतात. आता डिस्कच्या रांगेत, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जुन्या संकेताप्रमाणे, १२८ मागण्या उभ्या आहेत आणि त्या तबकडीभर विखुरलेल्या आहेत असे समजा. त्या आल्या त्याच क्रमाने भागवावयाच्या म्हटल्या तर दीड सेकंदाहून अधिक काळ जातो, आणि त्या काळात मैफलीची चाळीसएक चित्रे काळाच्या उदरात गडप होतात.

येथवर हा केवळ गणिताचा भाग झाला, आणि गणितात मन रमणाऱ्यास तो येथेच संपला असे वाटेल. मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक विचारणीय वाटते, व ती म्हणजे डिस्कपाशी येणाऱ्या दोन प्रकारच्या अर्जदारांमधला भेद. जो कार्यक्रम डिस्कवर काही लिहू इच्छितो, त्याचा मजकूर कर्नल आपल्या स्मृतीत ठेवून घेते आणि ‘लिहिले’ असे सांगून त्यास वाटेला लावते. प्रत्यक्ष डिस्कवर तो मजकूर मागाहून, सवडीने उतरतो. त्यामुळे लिहिणारा कधी थांबत नाही, आणि न थांबल्यामुळे आणखी लिहीत राहतो. याच्या उलट, वाचणाऱ्याला हवी असलेली वस्तू हाती पडल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही. तो एक मागणी करतो, उत्तराची वाट पाहतो, आणि उत्तर आल्यावरच त्यास दुसरी मागणी सुचते. म्हणून रांगेकडे वरवर पाहिले तर लिहिणाऱ्याच्या शेकडो मागण्या आणि वाचणाऱ्याची बापडी एकच मागणी असे दृश्य दिसते, आणि संख्येवरून गरजेचा अंदाज बांधणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेस स्वाभाविकपणेच वाटते की मोठे काम लिहिणाऱ्याचे आहे. ज्याला घाई नाही त्याचा गलबला मोठा, आणि ज्याचे सर्वस्व त्या क्षणावर अवलंबून आहे तो एकटा व मुकाट, अशी ही विचित्र स्थिती आहे.

मेमरी वाढवण्याच्या सल्ल्याचा समाचार याच ठिकाणी घेणे योग्य. डिस्कवर अद्याप न उतरलेला मजकूर किती साठू द्यावा याची मर्यादा कर्नलने टक्केवारीने घातलेली आहे: उपलब्ध स्मृतीच्या १० टक्क्यांवर तो गेला की मागल्या बाजूने उतरवणे सुरू व्हावे, आणि २० टक्क्यांवर गेला की लिहिणाऱ्यासच अडवावे. १ गिगाबाइट स्मृतीच्या यंत्रात हे २० टक्के म्हणजे २०० मेगाबाइट. सेकंदाला १० मेगाबाइट वेगाने लिहिणाऱ्या पेन ड्राइव्हवर ते वीस सेकंदांत उतरून मोकळे होतात. तीच स्मृती १६ गिगाबाइट केली की थकबाकी ३ गिगाबाइटांच्या पुढे जाते, आणि त्याच पेन ड्राइव्हला ती फेडावयास पाच मिनिटांहून अधिक काळ लागतो. त्या अवधीत जो कोणी चार अक्षरे लिहू पाहील, मग ती चित्रपटात आपण कोठवर पोहोचलो एवढी क्षुल्लक नोंद का असेना, तो त्या थकबाकीपाशी येऊन अडकण्याचा संभव असतो. म्हणजे सल्ला शिरोधार्य मानून पदरचे पैसे खर्च करावेत, आणि दुखणे पूर्वीपेक्षा लांबावे. दुकानदार गृहस्थांच्या सद्हेतूविषयी मला संशय नाही. यंत्र मंद झाले की स्मृती वाढवावी ही समजूत एका पिढीच्या अनुभवातून आलेली आहे आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते. यावर उपाय इतकाच की ती मर्यादा टक्क्यांत न ठेवता बाइटांच्या ठाम आकड्यात बांधून द्यावी. कर्नलमध्ये तशी मुभा आहे. मी पन्नासएक मेगाबाइटांवर मागल्या बाजूची उतरण सुरू करावी आणि दोनशेंवर लिहिणाऱ्यास अडवावे असा बंदोबस्त केला आहे. त्याने प्रती उतरवण्याचे काम सुरुवातीस मंद वाटते, परंतु ती मंदता खरी असते. पूर्वीचा वेग हा उधारीचा होता.

निदान करताना मी प्रथम कान लावतो. चित्र अडखळते पण आवाज अखंड चालू आहे, असे असेल तर दोष डिस्कचा क्वचितच असतो. चित्र उलगडणारा प्रोसेसर किंवा ते पडद्यावर मांडणारी यंत्रणा कमी पडत असते, आणि बहुतेक खेळवणारे कार्यक्रम आवाजाचे घड्याळ प्रमाण मानून चित्र त्याच्यामागे हाकत असल्यामुळे मागे पडलेली चित्रे गाळून टाकली जातात. परंतु चित्र आणि आवाज दोन्ही एकदम बंद पडून एकदम सुरू झाली, तर मूळ झराच आटला असे समजावे, कारण दोन्ही एकाच फाइलीत एकमेकांत विणलेली असतात. हा भेद ध्यानात न घेता केलेले पुष्कळसे उपाय वाया जातात. त्यानंतर व्हीएमस्टॅट नावाचे साधे साधन चालवून प्रोसेसर काम करीत आहे की डिस्कची वाट पाहत रिकामा बसला आहे ते पाहावे, आणि आयोटॉपने लिहिणारा कोण ते हुडकावे. कार्यांच्या यादीत ज्यांच्यापुढे ‘डी’ हे अक्षर दिसेल ती कार्ये डिस्ककडून उत्तर येण्याच्या गाढ प्रतीक्षेत असतात. त्यांना ठार करण्याचा निर्वाणीचा हुकूम सोडला तरी तो त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. लिनक्स त्यांनाही यंत्रावरील भारात मोजते, त्यामुळे प्रोसेसर स्वस्थ बसलेला आणि भाराचा आकडा मात्र चढलेला, असा देखावा दिसून नवख्या माणसाची मती गुंग होते.

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी याच लक्षणामागे निराळाच रोग असे. त्या काळच्या आयडीई डिस्कांवरून सामग्री दोन रीतींनी आणता येई. एकीत प्रोसेसर स्वतः दोन-दोन बाइट उचलून आणी, आणि या हमालीत तो इतका गुंतून जाई की चित्र उलगडावयास त्यास फुरसतच उरत नसे. दुसरीत डिस्कचे नियंत्रक सामग्री थेट स्मृतीत नेऊन ठेवी. दुसरी रीत सर्वथैव श्रेयस्कर, तथापि काही सदोष नियंत्रकांमुळे मजकूर बिघडण्याची भीती असल्याने लिनक्सची पुष्कळ वितरणे सावधगिरी म्हणून पहिलीच चालू ठेवीत, आणि मग मार्क लॉर्ड यांच्या एचडीपार्म या छोट्या कार्यक्रमाला एका ओळीचा हुकूम देताच अडखळणारा चित्रपट झुळझुळ वाहू लागे. हा अनुभव ज्यांनी घेतला ते त्याविषयी अद्यापही भक्तिभावाने बोलतात. कधी कधी मात्र हुकूम देऊनही यंत्र पुन्हा जुन्या रीतीवर घसरे, आणि शोधाअंती दोष निघे तो डिस्कला जोडणाऱ्या चपट्या तारेचा: सेकंदाला ३३ मेगाबाइटांच्या वरचा वेग ४० तारांच्या पट्टीस झेपत नसे, त्यास ८० तारांची पट्टी लागे. आजच्या साटा डिस्कांनाही सैल तार चालत नाही. कर्नलच्या नोंदवहीत चुका दिसू लागतात आणि कर्नल बिनबोभाट वेग उतरवत नेते. म्हणून मी कोणताही सूक्ष्म उपाय करण्यापूर्वी ती नोंदवही चाळतो, आणि ही माझी सवय मला माझ्या इतर ज्ञानापेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.

रांगेतील मागण्यांचा क्रम कोणी व कसा लावावा, या प्रश्नाचा इतिहास तर एखाद्या राज्यव्यवस्थेच्या इतिहासाइतका उद्बोधक आहे. आरंभीची युक्ती इमारतीतल्या लिफ्टची: बोलावण्याच्या क्रमाने वर-खाली न धावता, ज्या दिशेस निघालो आहोत त्या दिशेच्या सर्व मजल्यांवरची माणसे घेत जावे. यात श्रम वाचतात, पण तळमजल्यावर उभ्या असलेल्या माणसाने किती वेळ तिष्ठत राहावे याला मर्यादा राहत नाही. पुढे येन्स आक्सबो या डॅनिश अभियंत्याने प्रत्येक मागणीस मुदत लावून दिली, आणि त्यात वाचणाऱ्यास अर्धा सेकंद तर लिहिणाऱ्यास पाच सेकंद असा दहापटींचा भेद केला. वाचणारा आणि लिहिणारा समान नव्हेत ही गोष्ट त्या दोन आकड्यांनी जितकी नेमकी मान्य केली तितकी पानेच्या पाने लिहूनही झाली नसती.

परंतु मला सर्वांत मनोहर वाटते ती सीताराम अय्यर आणि पीटर ड्रुशेल यांनी अमेरिकेतील राइस विद्यापीठात केलेली आणि २००१ साली प्रसिद्ध झालेली मीमांसा. त्यांचे म्हणणे असे की वाचणाऱ्याची मागणी भागवून झाली की डिस्क तत्काळ दुसऱ्या कोणाचे काम हाती घेऊन दूर निघून जाते, आणि जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांत तोच वाचणारा, पहिल्याच जागेच्या शेजारची वस्तू मागावयास परत येतो. तेव्हा त्याचे ते मधले रिकामेपण हे फसवे रिकामेपण आहे. डिस्कने काम समोर असतानाही मुद्दाम क्षणभर स्वस्थ उभे राहावे, आणि तो येतो का ते पाहावे. तो आला तर हेडच्या दोन मोठ्या खेपा वाचतात, न आला तर काही मिलिसेकंद फुकट गेले एवढेच. कामाचा डोंगर समोर दिसत असता हातावर हात ठेवून बसण्याने एकंदर काम अधिक होते, हा निष्कर्ष कोणत्याही कचेरीतील वरिष्ठास मान्य होण्याजोगा नाही. लिनक्सने तो मान्य केला. कर्नलच्या २.६ मालिकेच्या आरंभी तीच रीत रूढ होती, आणि ती पुढे नावाने अस्तंगत झाली तरी तिचा तो थांबण्याचा गुण पुढच्या व्यवस्थांनी उचलला. त्यांपैकी सीएफक्यू ही व्यवस्था सप्टेंबर २००६ पासून प्रमाण झाली. प्रत्येक कार्यास स्वतःची रांग आणि वेळेचा समान वाटा देणारी ही समदर्शी व्यवस्था होती, आणि समदर्शित्व पुरेसे नसते हे तिच्याच अमदानीत सिद्ध झाले.

कारण या काळात तक्रारी थांबल्या नाहीत, उलट वाढल्या. कर्नलच्या तक्रारींच्या दफ्तरात १२३०९ या क्रमांकाखाली नोंदली गेलेली, मोठी फाइल उतरवताना सगळे यंत्रच गोठते अशा आशयाची तक्रार वर्षानुवर्षे उघडी राहिली, आणि जगाच्या कानाकोपऱ्यांतून लोक तीत आपापले दुःख जोडत गेले. त्यांतली कारणे परस्परभिन्न होती: कोणाचा दोष ext3 फाइलव्यवस्थेच्या रोजनिशीत, जी एका लहानशा फाइलीची खात्री मागताच सगळीच थकबाकी उतरवावयास बसे; कोणाचा स्मृतीच्या ओढाताणीत; कोणाचा प्रत्यक्ष डिस्कमध्ये. ज्यांच्या हाती कर्नलची सूत्रे होती ते अभियंते बहुधा मोठमोठ्या सर्व्हरांसाठी काम करीत, आणि तेथे तासाभरात एकूण किती काम झाले ते मोजले जाते. एका माणसाचा एक क्षण कसा गेला हे मोजण्याचे मापच तेथे नव्हते. या उपेक्षेविरुद्ध सर्वांत चिकाटीने बोलणारा मनुष्य, कॉन कोलिव्हास, हा ऑस्ट्रेलियातील भूलतज्ज्ञ होता, पेशाने अभियंता नव्हे. प्रोसेसरच्या पाळ्या लावण्याची त्याची रचना २००७ साली बाजूस राहिली आणि तत्सम कल्पनेवर इंगो मोल्नार यांनी लिहिलेली रचना स्वीकारली गेली, तेव्हा त्याने कर्नलचे काम सोडले. ज्याचा सारा व्यवसाय निजलेल्या रोग्याच्या श्वासावर क्षणोक्षणी लक्ष ठेवण्याचा, त्यास सरासरीचे कौतुक नसावे यात मला काही नवल वाटत नाही.

माप शेवटी इटलीतून आले. मोदेना येथील विद्यापीठातील पाओलो व्हालेन्ते यांनी डिस्कच्या मागण्यांचा क्रम लावणारी बीएफक्यू ही व्यवस्था पुढे आणली ती नुसत्या दाव्यावर नव्हे. डिस्कवर वाचनलेखनाचा मारा चालू असताना एक चित्रफीत लावायची आणि तिची किती चित्रे गळाली ती मोजायची, अशी चाचणीच त्यांनी बांधली. जे आम्ही डोळ्यांनी पाहून हळहळत होतो त्याचा आकडा झाला, आणि आकडा झाल्यावर अभियंत्यांच्या सभेत त्याला जागा मिळाली. बीएफक्यू अनेक वर्षे कर्नलच्या बाहेर राहून २०१७ च्या जुलैत ४.१२ आवृत्तीबरोबर आत आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत आक्सबो यांनीही निराळ्या अंगाने तोच प्रश्न हाताळला होता: वाचणाऱ्यास उत्तर मिळावयास उशीर होतो आहे असे दिसताच मागल्या बाजूचे लेखन आपोआप आवरते घ्यावे. लिहिणाऱ्याचा गलबला ऐकण्याऐवजी वाचणाऱ्याच्या प्रतीक्षेकडे पाहणारी ही दृष्टी, माझ्या मते, आधीच्या सर्व युक्त्यांहून निराळ्या जातीची आहे. सीएफक्यू २०१९ साली ५.० आवृत्तीत निवृत्त झाली.

माझ्या फिरत्या डिस्कवर बीएफक्यू लावलेली आहे, आणि मोठी प्रत उतरवावयाची असेल तर ती आयोनाइस या साधनाने सर्वांत खालच्या वर्गात, म्हणजे दुसऱ्या कोणाचे काम नसेल तेव्हाच पाळी मिळावी अशा शर्तीवर, सुरू करण्याची सवय मी लावून घेतली आहे. खेळवणाऱ्या कार्यक्रमास काही सेकंदांची सामग्री आगाऊ वाचून ठेवावयास सांगितले की उरलासुरला धक्काही जाणवत नाही. नव्या एनव्हीएमई साधनांत तर हेडच नाही, रांगा एक नव्हे तर हजारोंनी ठेवता येतात, आणि तेथे लिनक्स बहुधा क्रम लावण्याच्या भानगडीतच पडत नाही. येथे प्रश्न मिटला असे वाटेल, पण स्वस्त साधनांतील वेगवान लेखनाचा छोटा राखीव भाग भरला की तीही एकाएकी बसकण मारतात.

यांहून अवघड प्रकरण आहे ते अलीकडच्या काही फिरत्या डिस्कांचे. अधिक सामग्री मावावी म्हणून त्यांतील वर्तुळे एकावर एक किंचित चढवलेली असतात, त्यामुळे एक ठिकाण बदलावयाचे म्हटले की शेजारचा पट्टाच्या पट्टा पुन्हा लिहावा लागतो. हे काम डिस्क स्वतःच्या पोटात, स्वतःच्या सवडीने करते, आणि कर्नलला त्याची इतल्ला देत नाही. काही गिगाबाइट ती आनंदाने घेते, मग वेग एकदम खाली येतो, आणि त्या अवस्थेत वाचणाऱ्याची एकुलती एक मागणी रांगेच्या अगदी पुढे आणून ठेवली तरी उत्तर सेकंदभर येत नाही. कारण खरी रांग आता आमच्या हुकमतीबाहेर, डिस्कच्या आत लागलेली असते. तशी एक डिस्क माझ्याकडे आहे. तिच्यावर मी आता केवळ जुन्या प्रती ठेवतो, आणि काही लिहावयाचे झाले तर निजण्यापूर्वी लावून देतो.